अर्ध्या मणाची सायकल आणि तिथीची पाऊणपट

हेल्मेट काढा. ते अंगाला चिकटलेले चकचकीत कपडेही उतरवा. इथं त्यांत कुणी पाहिलं तर सर्कशीतला माणूस सुटला म्हणून पोरं मागे लागतील. मनगटावरचं वेग मोजणारं यंत्र, पाठीवरची नळीची पाणपिशवी, एकवीस गिअरची ती हलकीफुलकी सायकल, सगळं मागे ठेवा. आता तुमच्या अंगात खाकी अर्धी चड्डी आहे, वर सुती सदरा, डोक्याला टोपी आणि पायांत चामड्याच्या चपला. खांद्यावरच्या पिशवीत दशम्या, लसणाची चटणी आणि फिरकीचा तांब्या. कॅरियरला सुतळीनं करकचून बांधलेली वळकटी.

आणि हातात सायकल. जरा उचलून बघा तिला. झालं ना हुश्श? वरळीच्या कारखान्यात घडलेली हिंद सायकल आहे ही, वजन जवळजवळ अर्धा मण. अठ्ठावीस इंची चाकं, एकच गिअर, ब्रेकला तारा नाहीत तर लोखंडी सळया. कातडी सीट तुमच्या आधी मावसभावानं बरीच वर्षं वापरलेली आहे, त्यामुळे तिला आकार आला आहे, पण तो त्याच्या बुडाचा. पुढं रॉकेलचा दिवा लटकतो आहे. तो सांभाळा, रात्री उपयोगी पडेल.

गुरुवार, २५ डिसेंबर १९५८. पहाटेचे साडेपाच. तुम्ही भाऊच्या धक्क्यावर उभे आहात आणि तुम्हाला काही दिसण्याआधी वास आला आहे. ओला सुंभ, डिझेल, कालची मासळी, आज उतरणारी मासळी, कुणाच्या तरी डब्यातलं तिखट कालवण. पायाखाली निसरडं. "सरा, सरा, सरा!" करत टोपल्यांची रांग तुमच्या कोपराला घासून जाते आणि सदऱ्याच्या बाहीवर खवल्यांची चांदी सोडून जाते. कोळणींच्या वाटेत उभं राहायचं नसतं हे तुम्हाला पहिल्या मिनिटात कळतं, तेही अशा शब्दांत की इथं छापता येत नाहीत.

नाताळची सुट्टी आहे, शिवाय आज दत्तजयंती आणि वार दत्ताचाच. त्यामुळे रेवसच्या लाँचला ही गर्दी. चौलच्या जत्रेला निघालेले गिरणी कामगार, माहेरी चाललेल्या सुना, कोंबड्यांची खुराडी, पत्र्याच्या ट्रंका. हवालदार एकदोन पिशव्या काठीनं ढोसून बघतो. दारूबंदी आहे, पण त्याचा हात तुमच्या लसणाच्या चटणीपर्यंत पोचून मागे येतो. सायकल वर कशी चढवायची ही चिंता करू नका. दोन खलाशी ती तुमच्या हातून हिसकावतात, टपावर भिरकावतात आणि दोरखंडाच्या वेटोळ्यात अडकवून टाकतात. पायडलचा आवाज झाला तिकडे दुर्लक्ष करा.

लाँच सुटली की गार वारा सुटतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा हा मतलई वारा, शाळेच्या भूगोलात पाठ केलेला. आता प्रत्यक्ष कानात शिरतो आहे. दुपारी तो उलटतो आणि वायव्येकडून खारा वारा येऊ लागतो. तुम्ही दक्षिणेला निघाला आहात, म्हणजे दुपारनंतर तो पाठीवर मिळेल. या किनाऱ्यावर सायकल उत्तरेकडून दक्षिणेकडे न्यावी. उलट दिशेनं जाणाऱ्याला पोचेपर्यंत माणसांचा राग येऊ लागतो.

मधेच एका बाजूची माणसं गप्प होतात. दोघीतिघी हात जोडतात. काशाचा खडक जवळ आला आहे. १७ जुलै १९४७ ला याच वाटेवर रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अकरा वर्षं झाली, पण या लाँचवर असं बाकडं नाही की ज्यावर बसलेल्यांपैकी कुणाचं तरी कुणी गेलेलं नाही. कुणी त्याबद्दल बोलत नाही. मग एक पोर रडतं, एक म्हातारी त्याच्या तोंडात बत्तासा घालते, आणि गप्पा पुन्हा सुरू होतात.

तुमच्या शेजारी बसलेला म्हातारा खलाशी विडी पेटवतो, तुमच्या सायकलीकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो. "खं, मुरूडला?" तुम्ही मान हलवता. "रेवदंड्याची तर आहे मधी. तिथी म्हाईत आहे काय?" तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी, ते ठीक; पण तिथीचा आणि सायकलचा काय संबंध, असं तुमच्या चेहऱ्यावर उमटतं. म्हातारा हसतो. त्याचं गणित असं: आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. आज पौर्णिमा, म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी पाणी पार गेलेलं. पौर्णिमेचं उधाण असल्यामुळे भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच मोठी. "तीनच्या आत तरीवर पोचा," तो म्हणतो, "नायतर सायकल तुमच्यावर बसंल."

लक्षात ठेवा हं. तुम्ही विसरणार आहात, तरी लक्षात ठेवा.

रेवसच्या धक्क्यावर उतरताना पाणी चढू लागलेलं असतं. मिठागरांचे पांढरे ढीग उन्हात डोळ्यांवर येतात. चिखलाचा तो खारट, जरा कुजकट वास घ्या. हा वास पुढचे दोन दिवस तुमच्या सोबतीला आहे. चहा घ्या, फार गोड आहे पण घ्या, आणि टांग मारा.

पहिल्या अर्ध्या मैलात तुम्हाला एक गोष्ट समजते: रस्ता नावाची वस्तू तुमच्या काळात फार सोपी झाली आहे. इथं खडी आहे, खडीवर मुरूम आहे आणि मुरमात बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. चाकोरीत चाक गेलं की सायकल तुमचं ऐकत नाही. मधल्या उंचवट्यावर चालवलं तर खडी टोचते. रस्त्याच्या अगदी कडेला, गवताला लागून माणसांच्या पायांनी मळलेली हातभर रुंद गुळगुळीत पट्टी आहे. तिथं चालवा. डोक्यावर पाटी घेतलेली बाई समोरून आली की उतरा, कारण ती उतरणार नाही.

दर थोड्या वेळानं कुणीतरी थांबवतं. "कोण गाव? कुणाकडं जायचं? आडनाव काय?" आणि हे सगळं सांगून झाल्यावर, "लगीन झालंय?" उत्तरं देत राहा. अलिबागपर्यंत चौदा-पंधरा मैल आहेत आणि तेवढ्या वेळात तुमच्यासाठी किमान एक स्थळ आलेलं असेल. एक एस.टी. मागून येते, भोंगा वाजवते आणि तुम्हाला धुळीच्या ढगात सोडून जाते. तोंड मिटा. मिटलं नाहीत? मग थुंका आणि पुढं चला.

अलिबागात थांबू नका. एवढंच बघा की डाव्या-उजव्या हाताला कुठंतरी चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर तिथल्या वेधशाळेतली उपकरणं बिथरणार, म्हणून १९०४ साली काम इथं हलवलं. इमारतीत लोखंडाचा खिळा लागू दिला नाही म्हणतात. तुमच्या अर्ध्या मणाला तिथल्या फाटकाशीही कुणी उभं करणार नाही, तेव्हा पुढं चला.

नागावात शिरताच ऊन संपतं. दोन्ही बाजूंना वाड्या, वर माडांची झावळं, खाली पोफळी, त्याखाली केळी, आणि या तीन मजल्यांतून झिरपत येणारा हिरवट उजेड. रहाटाची कुरकुर ऐकू येते. एक संपते तोवर पुढच्या वाडीतली सुरू होते. अंगणांत सोललेली सुपारी वाळत घातली आहे, तिचा तुरट वास. घामानं भिजलेल्या पाठीला गारवा लागतो आणि तुम्ही म्हणता, वा! आणि नेमकं तेव्हाच मागचं चाक फसफसतं.

बाभळीचा काटा. कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या रस्त्यात पडतात, त्यातलाच. घाबरू नका, सामान आहे. सायकल उलटी करून सीटवर आणि हँडलवर उभी करा. वाडीचे मालक, पंचाने खांदे झाकलेले सत्तरीचे आजोबा, कुंपणापलीकडून बघत आहेत. "अहो, उन्हात काय करताय? आत या. पाटात बघा ट्यूब." आत रहाट फिरतो आहे; डोळ्यांना झापड लावलेला रेडा गोल गोल चालतो, विहिरीतून मातीचे लोटे भरून वर येतात, पन्हळीत उपडे होतात आणि पाणी पाटातून पोफळींच्या मुळांशी जातं. तुम्ही टायरच्या कडेत पाना घालून ट्यूब बाहेर ओढता, हवा भरून ती पाटाच्या पाण्यात बुडवता. बुडबुडे. सापडलं. बोट ठेवा तिथं, सोडू नका. ट्यूब पुसा, पॉलिशपेपरनं घासा, घासलेली जागा करडी दिसली पाहिजे. सोल्यूशनचा थेंब बोटानं पसरा. आणि आता थांबा. लगेच ठिगळ लावलं तर निघतं; सोल्यूशन वाळून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं असतं. तेवढ्यात आजोबांनी शहाळं फोडलेलं आहे, आजींनी दारातून विचारलं आहे की जेवून जाणार का, आणि तुमचं आडनाव त्यांच्या चुलत नात्यात निघालं आहे. ठिगळ दाबा, विटकरीच्या तुकड्यानं ठोका. टायरच्या आतून बोट फिरवा; काट्याचं टोक अजून तिथंच असतं आणि ते काढलं नाही तर चौलात पुन्हा हेच. वालट्यूब चिरलेली आहे, तीही बदला. शहाळ्याचे पैसे देऊ करू नका, आजोबा चिडतील.

चौलच्या अलीकडे मैलभर आधीच जत्रा ऐकू येते. आधी एक नुसता गोंगाट. मग त्यातून तंबू सिनेमाचा कर्णा वेगळा होतो, मग पिपाण्या, मग ढोल. भोवाळ्याच्या टेकडीवर दत्ताचं देऊळ आहे आणि खाली पाच दिवसांचं गाव वसलं आहे. बैलगाड्या सोडलेल्या, बैल चिंचेखाली रवंथ करताहेत, गाड्यांखाली चुली पेटल्या आहेत. सायकल कुठं ठेवायची? एका पोरानं दोन बांबू आडवे बांधून स्टँड केलं आहे. तो तुमच्या हँडलला पुठ्ठ्याचा तुकडा बांधतो, दुसरा अर्धा तुमच्या हातात देतो. हरवलात तर सायकल त्याची.

आत शिरा. शिरावं लागतच नाही, गर्दी नेते. कढईतलं तेल धूर सोडतं आहे. खाज्याचे पापुद्रे तेलात फुलून वर येतात. जिलबीवर माश्या आहेत, त्यांच्याकडे बघू नका, आज कुणीच बघत नाही. उदाचा धूर, चुरगळलेल्या झेंडूंचा वास, नव्या घोंगड्यांचा उग्र वास, घामेजलेली डोकी, त्यांत माळलेल्या अबोलीच्या वेण्या. कासाराच्या दुकानापुढं बायकांची रांग. एकीचा हात आवळून तो बांगडी सरकवतो, ती ओठ चावते, शेजारणी हसतात. लाकडी पाळणा करकरत वर जातो आणि वरच्या पाळण्यातली नवी नवरी किंचाळते. "दत्तगुरूंच्या नावानं" म्हणत एक फकीर आणि एक गोसावी शेजारी शेजारी बसून एकाच विस्तवावर चिलीम पेटवताहेत.

भूक लागली आहे ना? बाकड्यावर बसा. भजी, पाव, चहा. बिल तीन आणे. तुम्ही खिशातून नवी नाणी काढता आणि हॉटेलवाल्याचं तोंड वाकडं होतं. गेल्या वर्षी एप्रिलपासून नये पैसे आले. एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे मात्र एकोणीस. "तीन साही अठराच होतात," शेजारचा शेतकरी त्याला सांगतो. "सरकारी तक्त्यात एकोणीस आहेत," हॉटेलवाला भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवतो. "मग मी तीन वेळा एकेक आण्याचं खातो." बाकड्यावरचे सगळे या वादात पडतात. तुम्हीही पडता. एका पैशासाठी अर्धा तास जातो आणि तो आनंदात जातो. मग टेकडी चढायची राहिली म्हणून तुम्ही पायऱ्या चढता. दत्ताचा जन्म संध्याकाळी, तोवर लोक बसून राहणार. वर गजर इतका मोठा की घंटेचा आवाज त्यात बुडतो. पायऱ्यांवरून समुद्र दिसतो, वाड्यांचा हिरवा पट्टा दिसतो, आणि दूर रेवदंड्याची खाडी. खाडीच्या कडांना तपकिरी पट्टे दिसताहेत.

तपकिरी? म्हणजे चिखल उघडा पडला. किती वाजले? चारला दहा कमी.

आता पळा. पुठ्ठा द्या, सायकल घ्या, टांग मारा. वारा पाठीवर आहे, खरंच आहे, सांगितलं होतं तसं. रेवदंडा गाव किल्ल्याच्या पोटातच वसलं आहे. तुमचा रस्ता पोर्तुगीजांच्या तटातून आत शिरतो आणि वाड्यांमधून खाडीकडे निघतो. डाव्या-उजव्या अंगाला पडक्या चर्चच्या भिंती, त्यांत वड उगवलेले, झाडीवर डोकं काढलेला सातखणी मनोरा. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा विकायला म्हणून इथं चौलला उतरला होता. त्याला इथल्या माणसांच्या अंगावर कपडे कमी आणि नजरा फार वाटल्या. नजरांचं अजून तसंच आहे.

खाडीवर पोचता आणि समोर बघता. पाणी आहे, पण ते तिकडे आहे. तुमच्या आणि पाण्याच्या मधे निळसर काळा, चकाकणारा, जागोजागी बुडबुडे सोडणारा चिखल. होडी त्या कडेला टेकून उभी आहे. तिच्यातला तांडेल दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडतो, "पानी गेला वो दादा! उशीर केलाव!" मग थोड्या वेळानं, "सायकल खांद्याव घ्या! चिखलान चाकं घालू नका!"

चपला काढून पिशवीत टाका. सायकल उचला, दांडी खांद्यावर, एक हात हँडलवर. पहिलं पाऊल. चिखल वरून उन्हानं कोमट आहे, आत थंडगार. पोटरीपर्यंत पाय जातो. तो काढताना चिखल एक मोठा, ओला, लाजिरवाणा आवाज करतो. दुसरं पाऊल. निवट्या तुमच्या आजूबाजूला टुणटुण उड्या मारत पळताहेत; बोटभर लांबीचे हे मासे चिखलावर तुमच्यापेक्षा बरे चालतात. दांडी हाडात रुततेय. मागचं चाक फिरून पाठीवर आपटतं. मधे एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन, एका हातानं लुगडं सावरत, तुम्हाला मागं टाकून सहज पुढं जाते आणि मागं वळून न बघता म्हणते, "सरल चाला, थांबलाव की जाल खाली." हा या किनाऱ्यावरचा सायकल चालवण्याचा सर्वांत उपयुक्त सल्ला आहे आणि तो सायकलीवर नसताना मिळतो.

होडीत तुम्ही पडता म्हटलं तर बरोबर होईल. तांडेल माणसाइतकेच पैसे सायकलीचेही घेतो, "तीबी बसलीच ना" म्हणून. त्याचा मुलगा तुमच्या साखळीकडे बघून हळहळतो. त्याला खाज्याचा पुडा द्या. वल्ही पडू लागतात. पाण्यावर सूर्य बुडताना पसरलेला तांबडा, आणि दुसऱ्या अंगाला, रोह्याकडच्या डोंगरावर, पौर्णिमेचा चंद्र आधीच वर आलेला. या खाडीवर पूल व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर कलेक्टर असो की केळीवाला, इथं सगळे पाण्याच्या वेळेवर.

साळावला उतरलात. दिवा पेटवायचा म्हणून काड्या चाचपता, पण रॉकेल थोडं साखळीसाठी राखा. कडेच्या विहिरीवर पाय धुवा. साखळी फडक्यानं पुसून, रॉकेल चोळून, चिखलाचा शेवटचा कण निघेपर्यंत फिरवा. तेल मात्र तुमच्याकडे नाही. चंद्र इतका आहे की दिव्याची गरज नाही. कोरड्या साखळीचा चिरचिराट करत तुम्ही निघता.

थोडं पुढं गेल्यावर वास येतो. तो तुम्ही आजवर घेतलेला नाही. कडवट पाला, भाजलं गेलेलं ओलं मडकं, धूर, आणि त्याखाली काहीतरी पिठूळ गोडसर. कापणी झालेल्या भातशेतात पाचसात माणसं जाळाभोवती बसली आहेत. हाक येते. या किनाऱ्यावर रात्री सायकलवाल्याला हाक मारल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. पोपटी लावली आहे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधे चारदोन अंडी, पुन्हा पाला. तोंड पाल्यानंच बंद करून मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवून द्यायचं. पाणी एक थेंब नाही. एकजण हात बुडवून मडक्यावर पाणी शिंपडतो. चर्र करून ते उडून जातं. "झाली."

काठीनं मडकं बाहेर, फडक्यात धरून सुलट, आणि शेंगा केळीच्या पानावर ओतल्या जातात. वाफेचा लोट तुमच्या चष्म्यावर येतो. बोटं भाजतात, तरी कुणी थांबत नाही, तुम्हीही थांबू नका. शेंग दातांखाली धरून ओढा. दाणा तोंडात, साल जाळात. भांबुर्ड्याचा तो रानवट कडूसा वास दाण्यात उतरलेला आहे. कुणी बोलत नाही. विस्तवाची ऊब समोरून, दव मागून. दुपारच्या तीन आण्यांचं जेवण कुठं आणि हे कुठं.

कोर्लईत मुक्काम करा. गावात शिरताना कंदील लागलेले आहेत, घरांतून पेटीचा सूर येतो आहे, तळणीचा गोड वास रस्त्यापर्यंत. नाताळ आहे. एक बाई दारातून पोरांवर ओरडते आणि तुम्हाला एक शब्द कळत नाही. मराठी नाही, हिंदी नाही, कोकणीही नाही. पोर्तुगीज गेले त्याला दोन शतकं उलटून गेली, पण त्यांच्या भाषेच्या पोटी जन्मलेली ही कोर्लईची बोली चुलीपाशी राहिली. गावकरी तिला 'नौ लिंग' म्हणजे आपली भाषा म्हणतात. तुमच्याशी मात्र ती बाई लगेच स्वच्छ मराठीकडे वळते. "कुठून आलात? जेवलात का?" पडवीत वळकटी सोडायला जागा मिळते. आणि घरात शिवणयंत्र आहे! म्हणजे यंत्राचं तेल आहे. साखळीला थेंब थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा. आवाज गेला. झोपा.

सकाळी मांड्या तुमच्या राहिलेल्या नाहीत. सीटवर बसताना तोंडातून जो शब्द निघाला तो घरच्या माणसांनी ऐकला नाही असं समजा. बोर्ली, मग डोंगर. काशीदच्या अलीकडे-पलीकडे रस्ता समुद्र सोडून वर चढतो, पुन्हा खाली येतो, पुन्हा चढतो. गिअर एकच. तो चढाचा नाही. उतरा आणि ढकला. लाज वाटू देऊ नका, टपालाची पिशवी घेऊन जाणारा पोस्टमनही ढकलतच चालला आहे आणि तो हे रोज करतो. काशीदची वाळू पांढरीशुभ्र, रिकामी. एक कुत्रं आणि तुम्ही. तुमच्या काळात इथं घोडे, उंट आणि मॅगी मिळते. आता फक्त फिरकीच्या तांब्यातलं कोमट पाणी आहे, ते प्या.

उतार मात्र काय उतार! ब्रेकच्या सळया खडखडतात, रबर जळल्याचा वास येतो, मडगार्ड नाचतं, वळकटी एका बाजूला घसरते, आणि टोपी नांदगावच्या वळणावर उडून जाते. परत जाऊ नका टोपीसाठी. तो चढ आहे.

शेवटची टेकडी उतरताना मुरूड दिसतं: माडांचा दाट पट्टा, डोंगरावर नवाबाचा वाडा, समोर समुद्रात पद्मदुर्ग. बाजारात शिरा आणि सरळ बाहेर पडा. जेवायला खानावळ आहे, सुरमई ताजी आहे, एवढं सांगितलं की पुरे. राजपुरी तीनएक मैल. तिथं धक्क्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळताहेत, मांजरं खाली बसून वर बघताहेत, आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा पाण्यात ठाण मांडून बसलेला. शिडाची होडी दिघीला सुटायच्या बेतात आहे. आज प्रतिपदा आहे, पण पाण्याच्या हिशेबाला सोळावा दिवस. सोळाची पाऊणपट बारा. आत्ता वाजलाय एक. पाणी अजून काठोकाठ. चिखल नाही! फळी टाकलेली आहे, सायकल चालत आत जाते.

इथवर मी सोबत होतो. पुढं दिघी, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिथं बाणकोटची खाडी आणि पुन्हा तर. ताकद असेल तर फळीवर पाय ठेवा. नसेल तर मुरूडच्या स्टँडवर परत जा. एस.टी.च्या टपावर सायकल चढवता येते, तिचं वेगळं तिकीट पडेल. क्लीनरला हँडल आडवं करून दोन ठिकाणी बांधायला सांगा. आणि दिवा आधी काढून मांडीवर घ्या. या रस्त्यावर टपावरचा दिवा खाडीपर्यंतसुद्धा टिकत नाही.